एअरब्रश थुंकायला लागला तेव्हा

पेणजवळच्या हमरापूरला काकांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना आहे. दर पावसाळ्यात सुटी काढून मी महिनाभर तिथे रंगकामाला जातो. डोळ्यांची आखणी काकांची, तिथे दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. अंगाचा सपाट रंग मोठ्या स्प्रे गनने होतो. गालावरची, पोटावरची, सोंडेच्या वळ्यांतली शेड मात्र एअरब्रशची, म्हणजे हवेने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनासारख्या हत्याराची, आणि ते काम माझं.

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन फुटी शाडूच्या मूर्तीच्या गालावर गुलाबी शेड मारत होतो आणि एअरब्रश थुंकला. मसुराएवढा थेंब पडला आणि ओघळलाही. मी फडकं उचललं तसे काका लांबूनच ओरडले, "ओला पुसू नकोस रे, सुकू दे!" मग जवळ येऊन म्हणाले, "काल पण नुसतं पाणी मारून ठेवलास ना?"

ठेवला होता. पण मी आधी दोष रंगाला दिला. नायलॉनच्या मोज्यातून गाळून घेतला, तरी थुंकणं चालूच. मग एअरब्रशचा रंगाचा कप रिकामा करून, धुऊन, आरशावर नुसती हवा मारली. काचेवर बारीक, स्वच्छ थेंब उमटले. म्हणजे एक चोर हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्येच होता. आपल्याकडची पावसाळी हवा मुळातच ओली, ती दाबली की टाकीत पाणी सुटतं. टाकीच्या बुडाचा नळ सोडला तर गंजाच्या रंगाचं तांब्याभर पाणी आलं. शेवटचं कधी काढलं होतं, कुणालाच आठवेना.

दुसरा चोर एअरब्रशच्या पोटात. कपात पाणी घालून चाप दाबला की बुडबुडे यायचे. पुढून निघायची हवा मागे कपात शिरत होती. असं झालं की नोझल, म्हणजे टोकाचं बारीक तोंड, तुंबलेलं तरी असतं, चिरलेलं तरी, नाहीतर नीट बसलेलं नसतं. नोझलमध्ये बसणारी आतली सुई ओढून पाहिली, निघेना. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की त्याचं प्लास्टिक होतं, मग ते पाण्याला दाद देत नाही.

इथे मी शहाणपणा केला. अख्खा एअरब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला. सकाळी सुई निघाली खरी, पण आतले रबरी वायसर फुगले होते. चाप खाली गेला की वर येईना. बुडवायचंच होतं तर नोझल आणि सुई काढून तेवढीच वाटीत टाकायची, हे नंतर सुचलं.

त्याच घाईत दुसरी चूक. नोझल तांदळाच्या दाण्याएवढं, त्याचं भोक ०.३ मिलिमीटरचं. साफ करून परत बसवताना चिमुकल्या पान्याने 'अजून थोडं' म्हणत जास्तच आवळलं. टक्. टोक माझ्या चिमटीत आणि आटे आत अडकलेले. दोन मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग काकांनी खोक्यातून निमुळत्या टोकाची जुनी चौकोनी कानस काढली. टोक त्या तुटक्या नळीत हलकेच दाबलं, घट्ट धरलं आणि उलटं फिरवलं. पितळेत कानशीच्या कडा रुतल्या आणि तुकडा पीळ उलगडावा तसा बाहेर आला. आयुष्यात कधी एअरब्रश हातात न धरलेला माणूस!

नवं नोझल आणि वायसर मुंबईहून यायला चार दिवस लागले. घरात ०.५ ची सुई पडली होती, ती लावून पाहायचा मोह झाला. पण ०.३ च्या नोझलला ०.३ चीच सुई लागते. जाडी बळेच सारली तर नवं नोझलही चिरायचं.

आता रंग बदलला की उरलेला ओतून टाकतो, कपात पाणी घालतो आणि बारीक ब्रशने कोपरे घासतो. मग टोकावर फडकं धरून चाप दाबतो, त्याने हवा येते, आणि जरासा मागे ओढतो, त्याने रंगाची वाट उघडते. हवा उलटी कपात येते आणि तळाचा गाळ गुडगुडत वर चढतो. पाणी गढूळ झालं की टाकायचं, निवळ येईपर्यंत तेच. पर्ल रंगानंतर जास्तच वेळा, त्याची चमकी कुठेकुठे दडून बसते. काम चालू असतानाही टोकावर रंग सुकतो, तो दर थोड्या वेळाने ओल्या ब्रशने टिपतो. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. पूर्वी मी दोन्ही एकदम सोडायचो, तिथेच टोकाला पापुद्रा धरत होता.

संध्याकाळी सुई काढून पुसतो, नेहमी मागून टोकाकडे, कधीच उलटं नाही. टोक वाकलं की शेड एका बाजूला पळते. ग्लिसरीनचा एक थेंब लावून सुई सरकवतो आणि टेकली असं बोटांना कळलं की थांबतो. मोठ्या गनची भोकं पूर्वी तारेने कोरायचो, आता टूथपिकने. तारेच्या ओरखड्याने फवारा तिरका पडतो. कॉम्प्रेसरचं पाणी रोज दिवाबत्तीच्या वेळी सोडतो.

तो गाल काकांनीच दुरुस्त केला. थेंब सुकल्यावर पॉलिश पेपर, वर सफेदा, वर अंगाचा रंग. शेड मीच मारली, ते पाठीशी उभे होते. जादा नोझल आता त्यांच्या जुन्या तपकिरीच्या डबीत असतं. काढताना अजून शिंक येते.