धरमतर ते गेटवे: बोटीतून पाहिलेलं पोहणं

पहाटे पावणेचारला धरमतरच्या जेट्टीवर टॉर्चच्या उजेडात माझी थोरली बहीण लेकीच्या पाठीला ग्रीस चोळत होती. लॅनोलिन आणि व्हॅसलिनचं हे मिश्रण काखेत, मानेला आणि कॉस्च्यूमची शिवण जिथे जिथे घासते तिथे चांगलं जाड थापायचं असतं, नाहीतर दोन-तीन तासांत खारं पाणी तिथली कातडी सोलून काढतं. जानेवारीतली संकष्टी होती. चंद्रोदयाला उपास सोडून आम्ही उरणजवळच्या करंज्याला बोटीत बसलो होतो, आणि आता तोच चंद्र जवळजवळ डोक्यावर आला होता. सर पाण्याकडे बघत उभे होते. वाहत आलेली एक काटकी जेट्टीच्या खांबापाशी थांबली, जराशी घुटमळली आणि हळूच समुद्राच्या दिशेने मागे फिरली.

"चला," सर म्हणाले. भाची पायऱ्या उतरून पाण्यात गेली.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. मी पोहत नव्हते, बोटीत बसून बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं. या पोहण्याबद्दल जे काही छापून येतं त्यात पोहणाऱ्याचं वय, लागलेला वेळ आणि गळ्यात हार घातलेला फोटो असतो. बोटीतल्या माणसांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तुम्हाला स्वतःला किंवा तुमच्या मुलांना हे करायचं असेल, तर आधी ती माणसं शोधा, तारीख मागून ठरवा. म्हणून हा वृत्तांत.

आमच्याकडे दोघं होते. एक सर, वय अठ्ठावन्न. शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात वर्षानुवर्षं मुलांना शिकवतात, आणि मुलं यायच्या आधी रोज स्वतः तासभर पोहून घेतात. दुसरे नाखवा, करंज्याचे. बोट त्यांची, सुकाणू त्यांच्या हातात. बरोबर राज्य जलतरण संघटनेचे निरीक्षक, दोन खलाशी, भाचीचे आईवडील आणि मी.

मुहूर्त कसा निघतो ते आधी सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. सरांच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं कोष्टक होतंच, नाखव्यांनी बोटांवर मोजलं, दोन्ही जुळलं. धरमतरची खाडी रेवस-करंजापर्यंत वीसेक किलोमीटर, आणि तिथून पुढे गेटवेपर्यंत उघडं बंदर पंधराएक किलोमीटर. पहिला टप्पा ओहोटीच्या पाठीवर बसून बाहेर यायचं आणि दुसऱ्याला भरतीची मदत घ्यायची, असं सगळं गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर फार असतो. वेळ साधली तर भराभर नेतं, चुकली तर तितक्याच जोरात मागे ढकलतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी मऊ, पण मदतही कमी. सरांना मधलं पाणी हवं होतं, म्हणून चतुर्थी.

निघायला उशीर झाला तर काय होतं याचं उदाहरण आमच्या घरात पाठ आहे. जलतरणपटू आरती साहा २७ ऑगस्ट १९५९ ला इंग्लिश खाडी पोहायला निघाल्या, पण त्यांची पायलट बोटच चाळीस मिनिटं उशिरा आली. अनुकूल पाणी हातचं गेलं. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला असताना उलट प्रवाह लागला आणि शेवटी त्यांना पाण्याबाहेर यावं लागलं. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्यांनी १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. पहिल्या वेळी हातात कमी बळ होतं असं नाही. म्हणून आम्ही रात्री बारापासून धरमतरला येऊन थांबलो होतो.

खाडीतला अंधार वेगळाच असतो. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलाचा वास, मधूनच एखाद्या बार्जचे दिवे. भाचीच्या पाठीवर, कॉस्च्यूमच्या पट्ट्याला हिरवी लाइट स्टिक लावली होती, तेवढाच ठिपका वरखाली होताना दिसायचा. नाखवे इंजिन अगदी हळू ठेवून तिच्यापासून आठ-दहा हातांवर चालले होते. खाडीच्या तोंडाकडे डोलीची जाळी, म्हणजे एका जागी बांधलेली पिशवीसारखी जाळी, लावलेली असतात, ओहोटीच्या पाण्यात ताणलेली. ती कुठे आहेत हे नकाशात सापडत नाही, तिथे रोज जाळी लावणाऱ्यालाच माहीत. नाखव्यांनी दोनदा तिला लांबून वळवून घेतलं, आणि दोन्ही वेळा जाळ्याचे तरंगते डबे आम्हाला नंतर दिसले.

साडेपाचच्या सुमाराला भाचीला उलटी झाली. खलाशाने लगेच पाण्याची बाटली पुढे केली, बहीण रडकुंडीला आली. सरांनी मात्र आधी वारा बघितला. पहाटेचा मतलई वारा आमच्या अंगावरून तिच्याकडे वाहत होता आणि डिझेलचा सगळा धूर तिच्या नाकातोंडात जात होता. नाखव्यांनी बोट मागून वळवून दुसऱ्या बाजूला घेतली. दहा मिनिटांत ती सावरली. हे लक्षात ठेवा: बोट नेहमी पोहणाऱ्याच्या वाऱ्याखाली हवी, आणि शक्यतो तो ज्या बाजूला श्वास घेतो त्या बाजूला. दोन्ही एकदम जमत नसेल तर धूर टाळणं आधी.

सरांकडे एक शाळेची वही होती. दर पंधरा मिनिटांनी ते तिचे मिनिटाचे स्ट्रोक मोजून लिहायचे. ६४, ६४, ६३, ६४. मोजताना त्यांचे स्वतःचे खांदे हलायचे, शर्टाच्या आत उजवा, मग डावा. मी आधी समजले थंडी वाजतेय. नंतर कळलं, ते तिच्याबरोबर पोहत होते. मोजून झालं की बाजूला वाकून हात मनगटापर्यंत पाण्यात घालायचे. सकाळ झाली तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या केसांवर मीठ पांढरं धरलं होतं.

हिवाळ्यात आपल्याकडचं पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर येतं. पाय बुडवला तर कोमट वाटेल, पण नऊ-दहा तास त्यात राहिलं की अंगातली ऊब हळूहळू जाते. ती जातेय हे पोहणाऱ्याला कळत नाही, वहीला कळतं. स्ट्रोक पाच-सहाने उतरले की सर बोलायला लागायचे. "कशी आहेस?" असं ते विचारतच नाहीत, कारण त्याचं उत्तर कायम "ठीक" असतं. "तुझ्या गणिताच्या बाईंचं आडनाव काय?" "काल रात्री काय खाल्लंस?" उत्तर झटकन आलं, नीट आलं, की पुढे. सात वाजता आकडा ५८ वर आला तेव्हा त्यांनी पुढच्या बाटलीत पेज गरम द्यायला सांगितली आणि तिला दोन मिनिटं जोरात पाय मारायला लावले.

बाटल्यांचं माझं खातं, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर. पहिला तास काही नाही, मग दर अर्ध्या तासाला. दोरी बांधलेली रुंद तोंडाची बाटली पाण्यात सोडायची. पोहणारा बोटीला हात लावू शकत नाही, कुणी त्याला धरूही शकत नाही, तसं झालं तर पोहणं तिथेच बाद. एका फेरीत मिनिटभराच्या आत आटपायला हवं, कारण ती थांबली तरी पाणी थांबत नसतं. आम्ही आलटून पालटून ग्लुकोज-इलेक्ट्रालचं पाणी आणि मीठ घातलेली पातळ भाताची पेज दिली, मधून कुस्करलेलं केळं. पेज दोन थर्मासमध्ये होती, तीन हवे होते. चौथ्या-पाचव्या तासानंतर मिठाने जीभ सुजते, गोड नकोसं होतं. तेव्हा आधी चूळ भरायला साधं पाणी, मग खाणं. आणि घरी कधीही न दिलेला पदार्थ त्या दिवशी देऊ नका.

साडेआठला डावीकडे रेवस, उजवीकडे करंजा, आणि समोर एकदम सगळं मोकळं झालं. इथून पुढे नाखव्यांचं काम मी डोळे फाडून पाहिलं.

धुरकटात मुंबईच्या इमारतींची ओळ दिसत होती. गेटवे कुठल्या अंगाला हे आम्हाला कळत होतं, पण बोटीचं तोंड नाखव्यांनी त्याच्या बरंच डावीकडे, कुलाब्याच्या टोकाकडे धरलं होतं. मेहुण्यांना राहवेना, त्यांनी विचारलं. नाखव्यांनी लांबच्या एका बोयाकडे, पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेकडे, बोट दाखवलं. बोया थोडा कलला होता आणि त्याच्या एका बाजूला पाण्याची बारीक रेघ उठली होती. "हा उभा राहिला की पाणी थांबलं. मग दुसऱ्या अंगाला कलेल." साडेनवाच्या पुढे तो खरोखर सरळ उभा राहिला, आणि थोड्या वेळाने उलटा कलला. भरती सुरू झाली. आता येणारं पाणी तिला उजवीकडे, उरण-घारापुरीच्या अंगाला ओढणार होतं. सरळ गेटवेकडे तोंड करून पोहली असती तर दोन तासांनी गेटवे डावीकडे मागे राहिलं असतं आणि उरलेलं अंतर पाण्याला आडवं कापावं लागलं असतं. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यात असतं, त्याला यातलं काही दिसत नाही. तो बोटीकडे बघून पोहतो. बोट चुकली की तोही चुकला.

अकरानंतर खारा वारा सुटला आणि बारीक उलट्या लाटा तिच्या तोंडावर यायला लागल्या. मांडव्याच्या फेरीबोटी, नांगरलेली जहाजं, रेवसला जाणाऱ्या लाँचेस. प्रत्येक मोठ्या लाटेआधी सर शिट्टी वाजवायचे.

इथे माझी चूक झाली. आठव्या तासाला तिचा चेहरा बघून मी ओरडले, "थोडंच राहिलंय गं!" तिने मान वर करून बघितलं. गेटवे तेव्हा अंगठ्याएवढं दिसत होतं. पुढच्या अर्ध्या तासाने तिने पुन्हा बघितलं, तेव्हाही तेवढंच. स्ट्रोक ६० वरून ५५ वर आले. सर मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "ताई, तिला अंतर सांगायचं नाही. तिला फक्त पुढची बाटली सांगायची." मग ते स्वतः बोटीच्या काठावर पाय सोडून बसले आणि दर अर्ध्या तासाऐवजी दर वीस मिनिटांनी बाटली द्यायला लागले. "ही घे. आता पुढची पेज." तिला तेवढंच हवं होतं. एक वाजून पाच मिनिटांनी तिने गेटवेच्या पायरीला हात लावला. नऊ तास वीस मिनिटं.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात तर नाहीच, आणि अवेळी मोठा पाऊस झाला तरी पुढचे दोन-तीन दिवस शहराजवळच्या पाण्यात उतरू नका. नाल्यांचं सगळं समुद्रात येतं, कान आणि पोट दोन्ही धरतात. बंदराचं प्राधिकरण आणि पोलीस यांच्या परवानग्या लागतात, त्यासाठी किमान महिना-दीड महिना हाताशी ठेवा. अर्ज संघटनेमार्फत गेला की रस्ता सोपा होतो. डॉक्टरचा दाखला लागतो. बोट उंच काठाची असेल तर बाटली देणं अवघड जातं, म्हणून बरोबर एक छोटी होडी हवी. आम्ही घेतली नव्हती, फार वाकावं लागलं. बोटीवरच्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ज्याला बोट लागते त्याला घरी ठेवा, मग तो बाप का असेना. जेलीफिश लागलीच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. श्वास लागला, ओठ सुजले तर पोहणं थांबवून सरळ दवाखाना. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत ओले कपडे उतरवून कोरडं, टोपीसकट, अंगावर चढवा. भाचीला खरी हुडहुडी पायरीवर भरली.

एकदम ३५ किलोमीटरची स्वप्नं बघू नका. डिसेंबरात संक रॉक (मुंबई बंदरातलं दीपगृह) ते गेटवे ही पाच किलोमीटरची स्पर्धा असते, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरही सागरी स्पर्धा होतात, तिथे आधी पाणी अंगावर घ्या. जुहू-दादरच्या चौपाटीवर एकट्याने सराव करू नका. आणि गाइड निवडताना दोनच गोष्टी बघा. तो स्वतः अजून पोहतो का, आणि त्याने कधी कुणाला अर्ध्यातून बाहेर काढलंय का. सरांनी आतापर्यंत तिघांना काढलंय. तिघांची नावं, तारखा त्यांना पाठ आहेत. त्यातल्या दोघांना त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा नेलं.

आमची गाडी करंज्याला होती. भाचीला आईवडील टॅक्सीने घरी घेऊन गेले. सामान, भांडी, थर्मास घेऊन मी सरांबरोबर बोटीनेच परत निघाले. तिथून अटल सेतूवरून घरी यायचं होतं. करंज्याच्या धक्क्याजवळ आलो तेव्हा पाच वाजत आले होते. नाखव्यांनी इंजिन बंद केलं, नांगर टाकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी शर्ट काढून घडी करून वहीवर ठेवला आणि उडी मारली. मागोमाग नाखवा, लुंगी कमरेला खोचून. रात्रभर आणि दिवसभर दोघंही पाण्याच्या हातभर वर बसून होते.

नाखवे उताणे पडून तरंगत राहिले. सर बोटीभोवती मोठ्या गोलात पोहत होते, सावकाश, डोकं जवळजवळ न हलवता. मी शर्ट बाजूला केला, वही उघडली आणि घड्याळ लावून मोजायला लागले. ५२. भाचीच्या शेवटच्या आकड्याखाली मी तो लिहून ठेवला.