बियाचं भेदरं

टोमॅटोचं सार करायचं म्हणून परवा दुपारी टोमॅटो उकळत्या पाण्यात घातले. परसातले कमी पडले, म्हणून दुकानातले चार त्यांच्यातच ढकलले. सोलताना सालं ताटलीत काढत गेले आणि मग लक्षात आलं की सालं दोन रंगांची आहेत. दुकानातल्या लाल टोमॅटोची साल पिवळी, थेट केशराकडे झुकणारी. परसातल्या ब्रँडीवाइन जातीच्या टोमॅटोची साल मात्र बिनरंगाची. बोटावर ताणून खिडकीशी धरली, तर पलीकडचं कुंपण दिसलं. आतला गर दोन्हींचा लालच होता. म्हणजे ज्याला आम्ही कौतुकाने गुलाबी टोमॅटो म्हणतो, तो आतून गुलाबी नसतोच. लाल गरावर पिवळी साल असली की फळ लाल दिसतं, नितळ साल असली की गुलाबी. एका जनुकाचा खेळ. मी गॅस बंद केला आणि सालंच बघत बसले. सार व्हायला उशीर झाला, पण घरात मी एकटीच होते, त्यामुळे बोलणारं कोणी नव्हतं.

आम्ही राहतो डेलावेअरमध्ये, विल्मिंग्टनच्या जरा बाहेर. ब्रँडीवाइन ही इथली नदी. पेनसिल्व्हेनियातून खळखळत येते आणि विल्मिंग्टनला क्रिस्टिना नदीला मिळते. तिच्याच परिसरात ११ सप्टेंबर १७७७ ला वॉशिंग्टनचं सैन्य इंग्रजांकडून हरलं आणि तिच्याच पाण्यावर पुढे द्यू पाँ घराण्याच्या बंदुकीच्या दारूच्या गिरण्या चालल्या. आता इथे शाळा, दाताचा दवाखाना, कुत्र्यांचं पाळणाघर, काहीही काढा, नाव ब्रँडीवाइन. मग टोमॅटोने काय घोडं मारलंय? १८८९ साली फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या बियाणेवाल्यांनी आपल्या कॅटलॉगात या नावाचा टोमॅटो आणला. गंमत अशी की तो लाल होता आणि त्याचं पान चारचौघांसारखं दातेरी. आज लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो ब्रँडीवाइन गुलाबी, अर्धा-अर्धा किलोचा, आणि त्याचं पान बटाट्याच्या पानासारखं, कडा सरळ. या दोघांचं नातं काय, यावर जाणकार अजून भांडतात.

भांडायला जागा आहेच, कारण गुलाबी ब्रँडीवाइनचीसुद्धा एक शाखा नाही. ओहायोमधल्या बेन क्विझनबेरी नावाच्या वृद्ध गृहस्थांना डॉरिस सडथ हिल या बाईंनी बी दिलं. बाईंच्या घरात ते कित्येक दशकं चालत आलेलं होतं. क्विझनबेरींनी ते १९८२ मध्ये सीड सेव्हर्स एक्स्चेंज या जुनं बियाणं जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं. ही सडथची शाखा, काहींच्या लेखी क्विझनबेरीची. त्याशिवाय ग्लिकची आहे, काउलिकची आहे, पिवळ्या ब्रँडीवाइनच्या एका अपघाती संकरातून निघालेली लाल ओटीव्ही आहे. गोड्या मसाल्यावरून दोन जावांमध्ये जे होतं ते सगळं इथे होतं. दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं, आणि शेवटी, 'आमच्याकडे असं नाही करत.'

या भांडणाची दीक्षा मला शेजारच्या आजोबांनी दिली. ते निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. दरवर्षी वेगवेगळ्या शाखा शेजारी शेजारी लावतात, आइसक्रीमच्या काड्यांवर पेन्सिलीने नावं लिहून खोचतात आणि प्रत्येक फळ तोडलं की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वहीत नोंदवतात. फूल बघायला त्यांच्याकडे भिंग आहे. टोमॅटोचं फूल तसं घरंदाज, आपलं आपल्यातच फळतं. पण या थोराड फळांच्या फुलांत स्त्रीकेसराची टोपी कधी कधी बाहेर डोकावते, आणि मग भुंग्याला मोकळं रान. म्हणून बियाणं धरायच्या फुलांना ते जाळीच्या पिशव्या बांधतात. मी त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवातून उरलेल्या, सोनेरी नाडीच्या पिशव्या नेऊन दिल्या. आता त्यांच्या वाफ्यात जुलै महिन्यात हळदीकुंकू चालू असतं.

आणि एवढं करूनही एखादं बी फसवतंच. मार्चमध्ये तळघरात ट्यूबखाली रोपं वर येतात. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखी, त्यांच्यावरून काही कळत नाही. खरी पानं एक-दोन आली की आजोबा चष्मा कपाळावर चढवून वाकतात. बटाट्याचं पान दबून राहणारं लक्षण आहे, त्यामुळे परक्या परागाचा हात लागला असेल तर पुढची पिढी लगेच दातेरी पान दाखवते. दातेरी निघालं की ते रोप उपटतात. मला ते दर वेळी जड जातं. एकदा असंच एक उपटलेलं मी मागून घेतलं आणि माझ्या कुंडीत लावलं. फळं छान आली. आजोबांना सांगितलं, तर त्यांनी 'असेल' म्हणून मान फिरवली.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मागच्या ओट्यावर चव बघायचा कार्यक्रम असतो. पांढऱ्या ताटल्या, जाड कापलेले काप, प्रत्येकापुढे नंबर, नाव नाही. दोन कापांमध्ये पाण्याची चूळ. आणि मीठ नाही! मीठ घातलं तर मूळ चव झाकते म्हणे. माझा यावर आक्षेप आहे आणि तो मी मरेपर्यंत मागे घेणार नाही. मिठाशिवाय टोमॅटो ही अर्धवट गोष्ट आहे. मी पर्समध्ये कागदाची पुडी नेते, काप तोंडात जायच्या आधी हळूच चिमूट टाकते आणि मग गंभीर चेहऱ्याने कागदावर गुण लिहिते. घरी आल्यावर उरलेल्या कापांची कोशिंबीर होते. दाण्याच्या कुटाखाली सगळ्या शाखा एका जातीच्या होतात.

खरं सांगायचं तर मला शाखांमधला फरक कधी कळतो, कधी नाही. एक जरा आंबूस, एक नुसतीच गोड, एकीच्या देठाशी चिरा फार. पण आठवडाभर पाऊस पडला की तेच झाड पाणचट फळ देतं, आणि कोरडं ऊन लागलं की त्याच झाडाचं फळ जीभ धरून ठेवतं. माझा संशय असा की निम्म्या शाखा आभाळातून येतात. आजोबांना हे पटत नाही. पण हिरव्या खांद्यांबाबत आमचं एकमत आहे. ब्रँडीवाइन पिकला तरी देठाभोवती हिरवा राहतो. पाहुणे म्हणतात कच्चा आहे. दुकानातले टोमॅटो कसे बुडापासून देठापर्यंत एकसारखे लाल! तो सारखेपणा निवडून निवडून आणलेला. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवलं, की त्या निवडीत एक जनुक निकामी झालं. हे जनुक हिरव्या फळात हरितलवकं वाढवतं आणि फळ स्वतःची थोडी साखर स्वतः बनवतं. म्हणजे आपण खांदे रंगवले आणि गोडी घालवली. तेव्हापासून मी पाहुण्यांना खांदे मुद्दाम दाखवते.

आजीच्या भेदऱ्यांना, म्हणजे तिकडच्या बोलीत टोमॅटोंना, खांदे होते का, हे मात्र काही केल्या आठवत नाही. यवतमाळकडचं घर, मागे विहीर, विहिरीच्या पाटाला लागून भेदऱ्याच्या ओळी. दसरा झाला की रोपं लागायची, संक्रांतीच्या आगेमागे फळ. चपटी, कंगोऱ्याची, पातळ सालीची, आंबट. चुलीच्या निखाऱ्यात टाकली की साल फुटून रस सुस्स करायचा. मग लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि पाट्यावर दोन फेरे, सोबत ज्वारीची गरम भाकर. पणजीला म्हणे ही फळं देवाच्या नैवेद्यात चालत नसत. माणसांना चालत, तेवढं पुरे होतं.

त्या ओळींत एखाद्या फळाच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. सगळ्यांत चांगलं फळ तेच, आणि आम्हा पोरांचा डोळा नेमका त्याच्यावर. 'त्याले हात नोको लावू, बियाचं हाय ते,' असं आजी विहिरीवरून, आमच्याकडे न बघता म्हणायची. ते फळ पिकून, मऊ पडून, वेलीवरच सुरकुतेपर्यंत तसंच राहायचं. मग ती ते तळहातावर चिरडायची, राखेत घोळवायची, कागदावर थापून सावलीत ठेवायची. वाळलेलं बी चिंधीत बांधून उतरंडीच्या मडक्यात. आम्ही इकडे गर पाण्यात आंबवतो, वर पांढरी साय धरली आणि वास सुटला की धुतो, बुडलेलं बी घेतो. शेजारच्या आजोबांना राखेचं सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत टिपून घेतलं. २०२० मध्ये अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचा फोटोही मी आजोबांना दाखवला. त्यांना राहीबाईंच्या वालांत इतका रस वाटला की टोमॅटोचा विषय तासभर निघाला नाही.

पण सांगत होते ते चिंधीचं. आजी चिंधी बांधायची ती नेहमी एकाच प्रकारच्या झाडाला. फाल्गुन संपून उन्हं तापली, बाकीची झाडं माना टाकायला लागली, की जे अजून फुलत असेल त्याला. फळ मोठं की लहान, ती बघायची नाही. गल्लीपलीकडच्या काकू मात्र सगळ्यांत थोराड फळ धरायच्या. दोघींनी बी आणलेलं एकाच बाजारातून. मी शाळेत जायला लागले तोवर दोघींची भेदरं शेजारी ठेवली तर ओळखू येत होती. काकूंची मोठी, पण होळीला संपणारी. आजीची बारकी, पण आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तरी चटणीपुरती असायचीच. त्यांच्यावर कोणी नावाची काडी खोचली नाही, वजन लिहिलं नाही, कॅटलॉगात नाव आलं नाही. आजी गेली. विहिरीवर मोटार आली. मामाने संकरित रोपं आणली, ती दुप्पट फळायची, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. उतरंड कोणीतरी उचलून ठेवली. आजीचं भेदरं आता कुठेच नाही.

इकडे यंदा ग्राउंडहॉगने कुंपणाखालून बीळ काढलं. घुशीचा हा थोरला भाऊ. प्रत्येक मोठ्या फळाचा एकेकच घास घेतो आणि पुढच्या फळाकडे जातो, जसा काही त्यालाही ओट्यावरच्या कार्यक्रमाचं निमंत्रण होतं. काड्याही त्याने उपटून टाकल्या, त्यामुळे सडथ कुठली, ग्लिक कुठली, सगळी सरमिसळ. आजोबांनी वहीतला नकाशा घेऊन चिखलात उभं राहून हिशेब लावायचा प्रयत्न केला आणि शेवटी वही मिटली. बीसाठी मी जे फळ धरलंय ते कुंपणाच्या कोपऱ्यातल्या, अजून फुलत असलेल्या झाडाचं आहे. तिथवर तो पोचला नव्हता एवढंच. पाकिटावर नाव काय घालायचं, ते मार्चमध्ये बघू.