हातानं केलं की समजते

व्हिडिओ पाहून ट्रेडिंग शिकणारे लोक असतात, आमचा साळा त्यातलाच, कानात इअरफोन घालून दीडच्या स्पीडनं ऐकते अन् सगळं राहते त्याच्या डोक्यात. माझ्या काहीच राहत नाही बाप्पा. म्हणून आज साडेतीनला बाजार बंद झाल्यावर नागपूरच्या बर्डीवर जाऊन निफ्टीच्या (शेअर बाजाराचा निर्देशांक) 15 मिनिटांच्या चार्टची प्रिंट काढून आणली, उजवी बाजू जुन्या लग्नपत्रिकेनं झाकली अन् एकेक कँडल (15 मिनिटांतला भाव दाखवणारी पट्टी) उघडत बसलो, आधी पेन्सिलनं लिहायचं की आता वर का खाली अन् काऊन, मगच पत्रिका सरकवायची. जे रील पाहून कधी समजलं नव्हतं ते तासाभरात समजलं राजेहो!

पोझिशन साइझिंगचंही, म्हणजे एका वेळी शेअर किती घ्यायचे त्याचंही, तेच. 50 हजारावर 1 टक्का रिस्क म्हणजे 500 रुपये, स्टॉप लॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, 10 रुपये लांब असला तर शेअर 50च घ्यायचे. ऐकताना नुसती मान हलते, कागदावर भागाकार केला तेव्हा डोक्यात शिरलं.



साळा म्हणे, भाऊजी, खरे पैसे लावल्याशिवाय शिकणं होत नाही. त्याले सेबीचा (शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2024 चा रिपोर्ट दाखवला, एफ अँड ओमधले (फ्युचर्स अन् ऑप्शन्सचे सौदे) 93 टक्के किरकोळ ट्रेडर 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तोट्यात. चूप झाला अन् चहा मागितला.

उद्या बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचा, चार्ट. कोणाकडे जुना प्रिंटर पडून असेल तर सांगा बरं, कलर प्रिंट लय महाग पडून राहिली.