‘काल तं यांची पाळी होती’

कळमन्याच्या मिरची बाजारातून आलेलं माणूस आमच्या रांगेत लगेच ओळखू येतं. ते बाकावर टेकलं की आजूबाजूचे शिंकायला लागतात. ही बाईसुद्धा अशीच सगळ्यांना शिंका आणत आत आली. मिरचीचे देठ खुडायचं काम करते. (ओळख पटेल असं बाकी सगळं बदललं आहे, मिरची तेवढी खरी आहे.)

मी नागपुरातल्या एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर धीर देत बसतो. प्रत्यक्षात आम्ही गोळ्या मोजतो. पेशंटने डबी आणायची, उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतायच्या, मागच्या तारखेपासूनचे दिवस मोजायचे, भागाकार करायचा आणि आलेला टक्का पांढऱ्या कार्डावर लिहायचा. 95च्या वर असला की शाबास, खाली गेला की लेक्चर.

या बाईचा टक्का कायम शंभर. पहिला नवरा याच आजाराने गेला, तेव्हा तपासणीत हिचंही निघालं. पुढे दुसरं लग्न झालं. दुसरा नवरा हमाल, निगेटिव्ह. सगळं माहीत असून त्याने लग्न केलं. गेल्या वर्षीच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या, रिपोर्टवर ‘टीएनडी’, म्हणजे विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. यंदा आकडा थेट हजाराच्या वर. आमच्याकडे हजार ओलांडला की औषध हरतंय की माणूस, याचा शोध सुरू होतो. बहुतेकांच्या मते माणूसच. माझ्या आधी दोघांनी तिला झापून घेतलं होतं.

मला माझ्या एका गोष्टीचा अभिमान आहे, म्हणून ती सांगतेच. ‘गोळी रोज घेता ना?’ असं मी कधी विचारत नाही. त्याला जगातला प्रत्येक माणूस हो म्हणतो. मी कालचा दिवस विचारते. रात्री काय जेवलात, गोळी पाण्यासोबत घेतली की चहासोबत, टीव्हीवर काय चालू होतं. आधी मी रक्तवाढीच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध विचारून घेतलं. ही सोबत घेतली तर तिच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. त्यातलं काहीच नव्हतं. मग विचारलं, ‘काल किती वाजता घेतली, ताई?’

‘काल नाही घेतली मॅडम. काल तं यांची पाळी होती.’

मला आधी कळलंच नाही. मग तिने अगदी सरळपणे सांगितलं. एक दिवस तिची गोळी, एक दिवस नवऱ्याची. सात महिन्यांपासून. डबी बरोबर वेळेवर संपत होती, त्यामुळे हिशोब चोख.

‘तुमीच तं सांगतलं होतं ना, निगेटिव्ह माणसानं आधीपासून गोळी खाल्ली तं त्याले होत नाही म्हणून.’

सांगितलं होतं. 1 डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमात, माइकवरून. प्रेप म्हणतात त्याला. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन, दोन औषधांची एक गोळी, अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली, 2015 पासून जागतिक आरोग्य संघटना जास्त धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस करते. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बोलले होते. कुठे मिळते, हे एका बाईने विचारलं तेव्हा ‘आमच्याकडे नाही, बाहेर विकत घ्यावी लागेल’ असं सांगून माइक पाहुण्यांकडे दिला. जनजागृतीचा फोटो निघाला, अहवालात गेला.

तिचा तर्क अगदीच खुळा नव्हता, हे सांगायला हवं. तिच्या गोळीतही टेनोफोव्हिर आहेच. पण तिची गोळी उपचाराची, ती रोजचीच. दिवसाआड घेतली तर विषाणूला औषध ओळखायला आणि त्याला पुरून उरायला वेळ मिळतो. प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्हीची आणि किडनीची तपासणी लागते, पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्हीची. नवऱ्याचं यातलं काहीच झालेलं नव्हतं. आणि आता दोघंही गोळी घेतात म्हटल्यावर त्यांनी कंडोम सोडला होता.

खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. एकटीने रोज गोळी घेत होती, विषाणू सापडत नव्हता, तेव्हा तिच्यापासून नवऱ्याला शरीरसंबंधातून लागण होणारच नव्हती. हे काही कुणाचं मत नाही. 1,763 जोडप्यांवर झालेल्या ज्या अभ्यासातून 2011 साली हे ठळकपणे पुढे आलं, त्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती. तिने नवऱ्याला वाचवायला गोळी वाटून घेतली आणि त्या वाटणीनेच त्याला धोका निर्माण केला. आम्ही हे तिला कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. आमच्याकडे अलिखित नियम आहे: हे वाक्य पेशंटसमोर मोठ्याने बोलायचं नाही, लोक कंडोम टाकून देतील. मी नवीन असताना मला हे एका सिनियरने शिकवलं, आणि मी पुढे दोघींना शिकवलं. गरीब माणसाला अर्धंच सांगावं, पूर्ण त्याला झेपत नाही, असा आमच्या खात्याचा एक समज आहे.

त्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ टेबलावरच्या डबीकडे बघत होती.

‘म्हणजे मी एकटीनंच खाल्ली असती तं यायले काही झालंच नसतं?’

‘नाही.’

‘मंग हे कोणी सांगाले नोको होतं का, बाप्पा?’

दुपारी नवरा बाजारातून थेट आला, खांद्यावर गमछा तसाच. टेस्ट निगेटिव्ह. पण अधूनमधून औषध पोटात असल्यामुळे एकाच टेस्टवर विसंबता येत नाही, एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा. शेवटच्या संबंधाला 72 तास कधीच उलटून गेले होते, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायला देतात त्या 28 दिवसांच्या औषधाचा प्रश्न नव्हता. तिचा लोड खाली येईपर्यंत त्याला प्रेप देता येईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मीच धंतोलीत मेडिकलवाल्यांना फोन लावले. दोघांनी नावच ऐकलं नव्हतं. तिसऱ्याने विचारलं, ‘कोणाले झालं मॅडम?’ कोणाला झालेलं नाही, होऊ नये म्हणून हवंय, हे त्याच्या गळी उतरवायला पाच मिनिटं गेली. किंमत ऐकून हमालसाहेब हसले. ‘राहू द्या जी. कंडोम फुकट भेटते ना इथं?’

भेटतं. त्या दिवशी खोक्यात होतेसुद्धा.

आता तिला तीन महिन्यांऐवजी महिन्याची एकच डबी मिळते. पुढच्या तारखेला ती आली ती हसतच. डबी रिकामी. सोबत कागदाची पुडी, तिला मिरचीचा वास. आत नऊ गोळ्या. नवऱ्याच्या वाटणीच्या राहिलेल्या, त्याने परत पाठवल्या होत्या.

‘मोजा मॅडम. या वेळी एकही दिवस चुकला नाही.’

मोजल्या. तीस दिल्या, तीस दिवस झाले, हातात नऊ. भागाकार केला तर सत्तर टक्के. सात महिने खोटे शंभर लिहिले त्या रकान्यात आता खरं काय लिहायचं, म्हणून पेन हातात धरून मी बसले, आणि मागून फार्मासिस्ट विचारत होता की जादा गोळ्या कुठल्या रजिस्टरला घ्यायच्या.