सातही पंखे हवा बाहेरच फेकत होते

मे महिना हा माझ्या धंद्याचा महिना. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि राहतो नागपुरात, म्हणजे मुहूर्त आणि ४५ अंश हातात हात घालूनच येतात. गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरने मात्र मान टाकली. हिवाळ्यात पन्नास मिनिटांत होणारं रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांचा अखेरचा व्हिडिओ तयार करणं, तासावर जायला लागलं आणि पेटीतून येणारा आवाज तर असा, की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, ‘मिक्सर सुरू हाये काय?’

मशीन तसं साधंच आहे. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्या डब्यात आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट मात्र धाकट्या भावाच्या पसंतीचं होतं. समोर काच, बाजूला काच, आत रंगीत दिव्यांचे सात पंखे. मत्स्यालयच म्हणा. सात पंखे असताना गरम होईलच कसं, हा माझा भाबडा हिशोब.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. कार्ड ८३-८४ अंशांवर अडकलेलं, प्रोसेसर ९० वर. हे आकडे योगायोगाने येत नाहीत. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ९० आहे आणि कार्ड ८३ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतं. म्हणजे दोघंही जीव वाचवत रांगत होते. कार्ड पूर्ण ताकदीने १७० वॅट खातं, प्रोसेसर ७५ च्या आसपास. जुन्या पिवळ्या बल्बच्या भाषेत १०० वॅटचे अडीच बल्ब काचेच्या पेटीत कोंडलेले.

दुकानात फोन केला. ‘लिक्विड कूलर टाका, विषय संपला.’ त्याने प्रोसेसर थंड झालाही असता, पण कार्डाच्या १७० वॅटचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तेव्हा मलाही सुचलं नाही. पैसे नव्हते म्हणून वाचलो.

मग मी तो मूर्खपणा केला जो नागपुरात प्रत्येकाने एकदा तरी केला असेल. बाजूची काच काढली आणि घरातला कूलर थेट कॉम्प्युटरवर रोखला. आकडे खाली आले, मी खूश. अर्ध्या तासाने मदरबोर्डजवळ पाण्याचे बारीक तुषार दिसले तेव्हा प्लग उपटून काढला. कूलरची हवा गार असते ती पाण्यामुळेच, हे वाळ्याच्या वासात विसरायला होतं. दिवसभर सगळं वाळवलं. नशीब, काही जळलं नाही.

पण त्यातून एक गोष्ट कळली. दुसऱ्या दिवशी कूलरशिवाय, नुसती काच काढून चाचणी घेतली, तर कार्ड नऊ अंशांनी उतरलं. म्हणजे दोष कार्डाचा नव्हता, प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या पेस्टचाही नव्हता. पेटीत हवाच पोचत नव्हती. पहिल्या दिवशी करायची परीक्षा हीच. तिला पैसा लागत नाही.

बाबा दारात उभे राहून हे बघत होते. म्हणाले, ‘खिडकी बंद करून कूलर लावला तर घाम येते ना? हवा आत याले पाह्यजे अन् बाहेर जायले पाह्यजे. तुह्या डब्यात हवा येते कुठून?’

बाजूच्या तीन पंख्यांतून, मी म्हणालो. मग देवघरातली उदबत्ती आणली आणि काच लावून त्या पंख्यांच्या जाळीपाशी धरली. धूर आत जायला हवा होता, तो माझ्या तोंडावर आला. वरच्या तीन पंख्यांपाशी धरली, तिथेही धूर वर उडाला. मागच्या पंख्यापाशीही बाहेर. सातच्या सात पंखे हवा बाहेर फेकत होते आणि आत आणणारा एकही नव्हता.

कारण हास्यास्पद आहे. पंख्याच्या एका बाजूने पाती मोकळी दिसतात, दुसऱ्या बाजूला मोटार धरणाऱ्या काड्या आणि वायर असते. साधारणपणे हवा मोकळ्या बाजूने शिरते आणि काड्यांच्या बाजूने निघते. देखणी असते ती मोकळी बाजू. जोडणाऱ्याने ती काचेतून दिसावी म्हणून आतल्या बाजूला ठेवली, म्हणजे पंखे आपोआप उलटे झाले. (हल्ली उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात, त्यांची देखणी बाजू हवा सोडते. म्हणून बाजूवरून अंदाज बांधू नका, कागदाचा कपटा धरून बघा.)

पुरावा तर डोळ्यांसमोर होता. बाजूचं फिल्टर दोन महिन्यांनीही कोरं करकरीत होतं आणि मी त्यावर खूश होतो! नागपूरच्या उन्हाळ्यात फिल्टर स्वच्छ राहतं म्हणजे त्यातून हवा जातच नाही. सगळी धूळ मागच्या स्लॉटच्या फटींना पट्ट्या होऊन चिकटली होती. पेटी जिथे सापडेल तिथून श्वास घेत होती, तोही मागून, जिथे नुकतीच गरम हवा सोडलेली.

रविवार त्यात गेला. बाजूचे तीन पंखे उलटे केले. वरच्या तिघांपैकी पुढचे दोन काढून तळाला बसवले, मोकळी बाजू खाली, कारण कार्डाचे पंखे खालून हवा ओढतात आणि तळ आजवर रिकामा होता. वर मागच्या कोपऱ्यात एक आणि मागे एक, एवढेच बाहेर फेकणारे. पाच आत, दोन बाहेर. गरम हवा वर जाते म्हणून वर पंखेच पंखे लावा, असं सांगणारे भेटतात. पण पंखा फिरत असेल तर हवा तो नेईल तिकडे जाते. आत येणारी जास्त असली की उरलेली फटींतून बाहेर पडते आणि धूळ फिल्टरवरच अडते.

स्क्रू हा वेगळाच छळ आहे. पंख्याचे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. एकदा काढून पुन्हा घालताना तिरके गेले की संपलं. दोन भोकं मी बिघडवली, तो पंखा आता केबल टायवर आहे. वायरी तळापर्यंत पुरेनात, एक एक्स्टेन्शन आणावं लागलं. भाऊ मात्र नाराज. काचेतून आता त्याला काड्या दिसतात.

पेटी सतरंजीवर ठेवली होती, तिथे तळाचे पंखे काय श्वास घेणार? एका लाकडी पाटावर ठेवली आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलो. पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले होते, त्यामुळे ब्राउझर उघडला तरी ते भुंकायचे. साठ अंशांपर्यंत वेग जवळपास सपाट ठेवला, वेग वाढण्याआधी थोडा विलंब दिला.

खोलीत पहिल्या मोजणीच्या वेळेइतकेच ३६ अंश असताना तेच रेंडर लावलं. कार्ड ७३, प्रोसेसर ८२, वेळ त्रेपन्न मिनिटं, आणि मिक्सर बंद. खर्च फक्त एक्स्टेन्शन वायरचा. याच्या खाली उतरवायचं तर खोलीच गार हवी. पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. म्हणून मोठी रेंडरं आता पहाटे चारला लावतो.

फिल्टर आता आठवड्यात राखाडी होतं. दर रविवारी कूलरची टाकी धुताना तेही धुतो. मे महिन्यात गच्चीवर वाळायला दहा मिनिटं पुरतात.