फडातला रविवार

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे रविवारच्या उपासनेत माणसं कमी होतात. मी नेवासे तालुक्यात एका ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून सेवा करतो. मुळा नदीच्या पाण्यावर इथे मैलोन्‌मैल ऊस उभा असतो. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात ते उन्हाळा लागेपर्यंत रात्रंदिवस चालतात. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून तोड थांबत नाही. या यंत्राला रविवार ठाऊकच नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मंडळीतले एक पंच माझ्याकडे आले. वयाने सत्तरीकडे झुकलेले, गावात सगळे त्यांना दादा म्हणतात. "पाळकसाहेब, उद्या तोड आलीये. नको म्हणलं तर पाळी जाते, मग महिनाभर कोणी फिरकायचं नाही. काय करू?"

हा प्रश्न फार जुना आहे. इ.स. ३२१ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालयं आणि कारागिरांची कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून वगळलं होतं. पेरणीचा, द्राक्षवेली लावण्याचा मोका निघून जाऊ नये, एवढंच त्याचं कारण. पण बायबलमधल्या निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेला नेमकं उलट सांगितलंय: नांगरणी असो की कापणी, सातव्या दिवशी थांबायचं. दोन्ही गोष्टी मी दादांना सांगितल्या. तोड येऊ द्या म्हणालो, आणि उपासना झाल्यावर मी फडात येतो असंही सांगितलं. टोळीत जालना जिल्ह्यातली काही पिढीजात ख्रिस्ती कुटुंबं आहेत, हे मला कळलं होतं.

दुपारी फडात पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त ऊस आडवा झाला होता. पुरुष कोयत्याने सपासप तोडत होते, बाया मोळ्या बांधून डोक्यावर घेत होत्या आणि फळीवरून ट्रकमध्ये चढवत होत्या. बांधावर लिंबाला साडीची झोळी, झोळीत तान्हं. त्याची आई फळी उतरून माझ्याकडे आली. "सलाम, पाळकबाबा," म्हणाली, आणि लगेच विचारलं, "आज आइतवार हाय व्हय?"

तिला वार माहीत नव्हता. गाव सोडल्यापासून वार मोजायचं कारणच उरलं नव्हतं. बाळंत होऊन तिला महिनाही झाला नव्हता, हाताला चटका बसेल इतका ताप होता. मी म्हणालो, बाई, तू आज टेक. ती नवऱ्याकडे बघू लागली. नवरा म्हणाला, "खाडा पडंल, बाबा."

ज्यांना हा व्यवहार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि ती टनावारी फेडायची. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो. या खाड्याच्या धास्तीने बीड जिल्ह्यात तरण्या बायांनी गर्भाशयं काढून घेतली, हे २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. आजारपण, पाळी, बाळंतपण, सगळ्याला हाच हिशेब लागतो. इस्राएली लोकांना दास करणाऱ्या मिसरच्या राजाची, फारोच्या विटांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गवत द्यायचं नाही, पण विटांचा आकडा कमी होऊ द्यायचा नाही, आणि कोणी सुटी मागितली की आळशी म्हणायचं.

मुकादमही तिथेच उभा होता. माणूस दुष्ट नव्हता. त्यानेही कारखान्याकडून पैसे उचललेले. "साहेब, मला गाडी भरून पायजे," एवढंच त्याचं म्हणणं.

तेवढ्यात माझं लक्ष दादांच्या बैलांकडे गेलं. विहिरीजवळच्या सावलीत दोघं निवांत वाढं खात उभे होते. दादांच्या वडिलांपासूनचा नेम आहे, रविवारी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. तो नेम ते मनापासून पाळतात आणि मला त्याचं कौतुक आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याच्या दिवसाची चौथी आज्ञा पुन्हा सांगितली आहे, तिथे बैल आहे, गाढव आहे, पण त्यांच्याआधी दास आहे, दासी आहे, आणि शेवटी वेशीच्या आत आलेला परकाही आहे. तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असं स्पष्ट म्हटलंय. कारणही दिलंय: तू मिसरात दास होतास, हे विसरू नकोस. मी दादांना तेवढाच भाग वाचून दाखवला. प्रवचन केलं नाही. ते बैलांकडे पाहत राहिले, मग झोळीकडे पाहिलं, आणि फटफटीला किक मारून गावात गेले.

अर्ध्या तासात ते परत आले. सोबत दोन मुलगे, सुना आणि तरुण संघाची दहाबारा पोरं. सकाळच्या उपासनेचे कपडे बदलून आलेली. दादा मुकादमाला म्हणाले, "गाडी आम्ही भरून देतो. ही तीन कोयत्यांची माणसं आज बसतील. खाडा लिहायचा नाही."

मुकादम जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टन भरला तर माझं काय जातंय?"

आमच्या पोरांना सराव नव्हता. मोळ्या सैल बांधल्या जात होत्या, फळीवर पाय लटपटत होते, पाचटाने हात चिरले. टोळीतले बाकीचे गडी त्यांना दाखवत होते, कोयता बुडख्याशी कसा लावायचा ते. पण मला जे विसरता येत नाही ते लिंबाखाली घडत होतं. बसायला सांगितलेल्या बायांना बसता येईना. एक उठून भांडी घासू लागली. दुसरी पाण्याला निघाली. दादांच्या सुनेने तिच्या हातातली घागर काढून घेतली आणि स्वतः पाणी भरून आणलं, तेव्हा ती संकोचून पदराशी चाळा करत बसली. सहा दिवस काम कर, हे शिकवावं लागत नाही; भूक शिकवते. विसावा मात्र कोणीतरी द्यावा लागतो, आणि देणाऱ्याला त्यासाठी स्वतःचं काही सोडावं लागतं. मग टाळ आले, दोन भजनं झाली, मी प्रार्थना केली. तापातली ती आई प्रार्थना संपायच्या आतच झोपली होती. कोणी उठवलं नाही.

गाडी अंधार पडल्यावर भरली. दादांनी त्या आईला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

बुधवारी पंचांची सभा झाली. एका ज्येष्ठांना हे पटलं नव्हतं. प्रभूच्या दिवशी मंडळीने कोयता धरला, हे त्यांना लागलं होतं, आणि त्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे. मी लूकच्या शुभवर्तमानातली अठरा वर्षं वाकून राहिलेली बाई आठवून दिली. येशूने तिला शब्बाथ दिवशीच, म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, सरळ केलं आणि चिडलेल्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारलं, तुम्ही शब्बाथ दिवशी बैल सोडून पाण्यावर नेता ना? ते ज्येष्ठ म्हणाले, "ते ठीक. पण एका रविवारने काय होतं? पुढची तोड ज्याच्या शेतात आहे तो आपल्या मंडळीतला नाही."

त्यांचा प्रश्न खरा होता. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं झगडल्यावर. फडात ती आजही पोचलेली नाही. तोडणीच्या दराची बोलणी होतात ती टनावर. आठवड्याला एक दिवस पगारी सुटी आणि बाळंतिणीला खाडा नाही, या दोन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात असं निवेदन मंडळीने द्यायचं ठरलं. मसुदा त्या ज्येष्ठांनीच केला, त्यांचं अक्षर चांगलं आहे. आणि टोळी आमच्या शिवारात असेपर्यंत दर रविवारी दुपारी तरुण संघाने फडात जायचं, शेत कोणाचंही असो. मुकादमाला विचारायला दादा स्वतः गेले. तो म्हणाला, "या. पण मोळी नीट आवळा."