पॉइंट चौदा

रंकाळा टॉवरजवळच्या कठड्याला टेकून लागोपाठ दोन रविवार सकाळी उभा राहिलो आणि दोन्ही वेळा शालिनी पॅलेसचा घड्याळाचा मनोरा शार्प आला नाही. लेन्सची रिंग शेवटपर्यंत फिरवली, आडव्या आठाच्या, म्हणजे अनंत अंतराच्या खुणेवर नेऊन टेकवली, तरी मनोरा दुलईत गुंडाळल्यासारखा. आणि चार हातांवर कठड्यावर बसलेला बगळा मात्र पिसं मोजावीत इतका स्वच्छ.

आधी धुक्याला दोष दिला, मग लेन्सला. दोघांचीही चूक नव्हती.

लेन्स माझ्या थोरल्या मामांची. मामा गडहिंग्लजला असतात. त्यांच्याकडं पेंटॅक्स के-१००० होता, त्यावर ५० मिलिमीटर एफ/२ ची लेन्स. एफ/२ म्हणजे तिचं तोंड पूर्ण उघडं. हे मॉडेल १९७६ पासून १९९७ पर्यंत निघत होतं. सगळं यांत्रिक, बॅटरी फक्त प्रकाशाचा काटा हलवण्यापुरती. आमच्या घरातली लग्नं, बारशी, बेंदराला सजवलेले बैल, सगळं या एका कॅमेऱ्यात आहे. साठीनंतर मामांना फोकस दिसेना, तसा त्यांनी तो चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला. गेल्या दिवाळीला त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्याकडं ते नवं यंत्र हाय न्हवं? त्याला ही काच बसती का बघ."

नवं यंत्र म्हणजे माझा सोनी ए-६४००, मिररलेस. माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसभर बुश आणि शाफ्टची जॉबवर्क चालतात. त्यामुळं मिररलेस म्हणजे काय हे मला पुस्तकी व्याख्येपेक्षा मापातून जास्त पटलं. जुन्या एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मधे एक आरसा असतो. तो प्रकाश वर प्रिझममध्ये पाठवतो, तिथून आपल्या डोळ्यात. बटण दाबलं की आरसा फाटकन वर उचलतो. आता आरसा फिरायचा तर त्याला जागा हवी. म्हणून पेंटॅक्समध्ये लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर ठेवलंय. मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सर जे बघतो तेच छोट्या पडद्यावर आपल्याला दिसतं. सोनीचं तेच अंतर १८ मिलिमीटर आहे. राहिले २७.४६. तेवढ्या जाडीचा पोकळ स्पेसर मधे बसवला की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. अ‍ॅडॉप्टर म्हणतात तो एवढाच, आत काच नाही की वायर नाही. उलटं मात्र होत नाही, कारण मिररलेसची लेन्स जुन्या बॉडीवर लावायची तर तिला आरशाच्या जागेत घुसावं लागेल. २००८ साली पॅनासॉनिकचा जी-१ आला, तेव्हापासून जगभरच्या कपाटांतल्या जुन्या लेन्स बाहेर निघाल्या त्या या मोकळ्या झालेल्या जागेमुळं.

तर दुसऱ्या रविवारी रंकाळ्यावरनं थेट वर्कशॉपला गेलो. ऑनलाइन मागवलेला अ‍ॅडॉप्टर मायक्रोमीटरमध्ये धरला. चार ठिकाणी मोजला, चारही ठिकाणी २७.६०. म्हणजे पॉइंट चौदा जास्त. आमच्या धंद्यात साध्या बुशला एवढं कुणी विचारत नाही. पण लेन्सला विचारावं लागतं. लेन्स सेन्सरपासून जरुरीपेक्षा लांब राहिली की लांबचं तिच्या आवाक्यातनं सुटतं. किती लांबचं, ते काढायला सोपं आहे. फोकल लांबीचा वर्ग घ्यायचा, म्हणजे ५० गुणिले ५०, अडीच हजार. त्याला ०.१४ नं भागायचं. उत्तर येतं साधारण अठरा हजार मिलिमीटर, म्हणजे अठरा मीटर. रिंग कितीही फिरवा, अठरा मीटरच्या पलीकडं या जोडीला नीट दिसणारच नव्हतं. बगळा अलीकडं होता, मनोरा तळ्याच्या पल्याड.

अ‍ॅडॉप्टरची कॅमेऱ्याकडची स्टीलची चकती चार स्क्रू काढून वेगळी केली. अ‍ॅल्युमिनियमची नळी लेथच्या सॉफ्ट जॉमध्ये, म्हणजे मऊ धातूच्या जबड्यांत, हलक्या हातानं धरली. जास्त आवळली तर पातळ नळी अंडाकृती होते. डायल लावून फेस सरळ आहे का बघितला आणि तीन कट घेतले, पाच, पाच आणि चार शतांश मिलिमीटरचे. इतक्या सावकाश मी गेल्या कित्येक वर्षांत फेसिंग, म्हणजे तोंडाची छिलाई, मारलं नसेन. नंतर नळी दोनदा धुतली, हवा मारली आणि भिंगाखाली बघितली, कारण एक बारीक चूर सेन्सरवर गेली तर सगळा खेळ संपला. तिसऱ्या रविवारी मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे वाचता आले. मी कठड्यावर बसून ते बराच वेळ वाचत राहिलो.

येताना मुद्दाम खरी कॉर्नरवरून आलो. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबुराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा इथं, कोल्हापुरात, स्वतः बनवायला घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचं काम सुरू झालं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातांचा विचार मनात आला. फिल्म ज्या फटीतून सरकते ती फट किती ठेवायची, लेन्स कुठं बसवायची, हे त्यांनी कशानं मोजलं असेल? मी फक्त पॉइंट चौदा काढलं होतं, तेही तयार मापावर. त्यांच्या हातात मापच नव्हतं. स्तंभापुढं गाडी थांबवून हात जोडले.

लेन्स जुळल्यावर ती घेऊन पेठेतल्या एका तालमीत जायला लागलो. पहाटे पाचला पोरं हौद्यात उतरतात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, एक झरोका आणि वर एक एलईडी दिवा. आधी डीएसएलआर, म्हणजे आरशावाला डिजिटल कॅमेरा, घेऊन गेलो होतो तेव्हा आरशाच्या पहिल्याच फटक्याला सगळी पोरं वळून बघायची आणि मग छाती काढून उभी राहायची. वस्ताद म्हणाले होते, "फोटूवाला आला की पोरांचं लक्ष जातंय. मेहनत करू दे की त्यांस्नी." त्यांचं बरोबर होतं.

मिररलेसमध्ये आवाज पूर्ण बंद करता येतो. कोपऱ्यात बसून राहिलो, तीन दिवसांत पोरं मला विसरली. पण बिनआवाजी शटर फुकट मिळत नाही. त्यात सेन्सर एकदम वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. शटर १/१०० वर ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. आणि कुणी ढाक (कुस्तीतला एक डाव) मारत असेल तर बिनआवाजी शटरनं हात वाकडा, रबरासारखा येतो. म्हणून कुस्तीला लागल्यावर मी साधं शटर वापरतो, तोवर धपाधप आवाजात कुणाचं लक्ष नसतंच. पोरं माती अंगाला लावून घेतात, लंगोट कसतात, दम खात भिंतीला टेकतात, तेव्हा बिनआवाजी.

फोकस हातानं करायचा. कॅमेरा फोकसमधल्या कडांवर रंग चढवून दाखवतो, त्याला पीकिंग म्हणतात. मी तांबडा रंग ठेवला होता. तांबड्या मातीत, तांबड्या अंगांवर तो कुठं दिसणार? पिवळा केला. तरी एफ/२ वर पीकिंगवर मी विसंबत नाही. ते भुवईलाही रंग देतं आणि कानालाही. त्यापेक्षा चित्र मोठं करून पापणी बघावी. वेळ लागतो, पण त्या वेळात माणूस बघून होतो. माझ्याकडं सिग्माची ५६ मिलिमीटर एफ/१.४ आहे, ऑटोफोकसवाली, या लेन्सपेक्षा सगळ्या बाजूंनी सरस. मित्र विचारतात तेव्हा मी तीच घ्यायला सांगतो, आणि बॉडी जुन्या मॉडेलची घेऊन पैसे लेन्सवर घाला हेही सांगतो. पण तालमीत माझा हात मामांच्या लेन्सकडं जातो. एफ/२ वर ती घामाच्या कडेला जी हलकी धूसर चमक देते ती सिग्मा देत नाही.

एक चूक सांगायलाच हवी. चैत्र यात्रेला जोतिबावर गेलो होतो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलाल आभाळाएवढा उडालेला, आणि मी तिथंच उभ्या उभ्या लेन्स बदलली. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा असतो, आडोशाला आरसा नाही. माझ्या कॅमेऱ्यात तर बंद केल्यावरही शटरचा पडदा उघडाच राहतो. पुढचे सगळे फोटो डागांचे. साफ करताना ओल्या स्वॅबवर गुलाबी रेघ उमटली तेव्हा पोटात गोळा आला. आता डोंगरावर जाताना घरूनच एक लेन्स लावून निघतो आणि रात्री घरी येईपर्यंत काढत नाही. पावसाळ्यात दुसरी काळजी. मामांच्या लेन्सला चामड्याच्या केसमध्ये बुरशी धरली होती, पुढच्या काचेच्या आतल्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी. चामडं ओल धरून ठेवतं. आपल्याकडच्या जून-जुलैत ती केस म्हणजे बुरशीचं शेतच. लेन्स उघडून पुसली, आता हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचं छोटं घड्याळ, ते पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

मागच्या महिन्यात कॅमेरा घेऊन गडहिंग्लजला गेलो. मामांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. के-१००० मध्ये मधल्या चकतीतली खडबड कधी जाते ते बघून फोकस लावायचा, ते त्यांना आता जमत नाही, संध्याकाळी तर नाहीच. मी त्यांना सोप्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं नंबर जुळवायचं बारकं चाक त्यांच्या डोळ्याप्रमाणं फिरवायला लावलं. मग चित्र सहा पट मोठं करून दिलं. मामी समोर उंबऱ्याजवळ सुपात तांदूळ निवडत होत्या.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. डावा हात आपसूक रिंगखाली गेला, इतक्या वर्षांनी बोटांना रिंगची दिशा पाठ होती.

"हिचं नथीचं भोक दिसतंय रं," ते म्हणाले. "आन् बाहेर अंधार पडलाय तरी आत उजेड?"

"आतला पडदा उजेड वाढवून दाखवतो, मामा. फोटो जसा येणार तसाच दिसतोय."

त्यांनी श्वास रोखला, बटण दाबलं. मी आवाज बंद ठेवला होता. मामी सुपातनं मान वर न करता म्हणाल्या, "काढलासा का?"

"वाजला न्हाई," मामा म्हणाले. कॅमेरा अजून डोळ्याला होता आणि उजव्या हाताचा अंगठा बॉडीच्या मागं, पुढची फिल्म सरकवायची लिव्हर शोधत होता.